एका वेळी सोळा पानं

त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. मी ज्या पानापर्यंत पोचले असेन तो आकडा, हेच त्यांच्या लेखी माझं नाव. दारात पाऊल टाकलं की मान वर न करता म्हणायचे, "ये बाय, एकशे बारा." पुढच्या खेपेला मी एकशे अठ्ठावीस झालेली असायची.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या उल्हासनगरकडच्या अंगाला, एका सिंधी मालकाच्या छापखान्यामागे त्यांची खोली होती. धंदा बाइंडिंगचा. शाळांची हजेरीबुकं, कचेऱ्यांची जाडजूड दप्तरं, फाटकी पाठ्यपुस्तकं. खोलीला खिडकी नव्हती. पत्र्याच्या छतात एक काच बसवलेली होती आणि तिच्यातून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडायचा. तो चौकोन सरकेल तसा हा माणूस आपला पाट सरकवत जाई. उरलेल्या अंधारात काय होतं, ते मला दोन वर्षांत नीट दिसलं नाही. दिवा होता, पण तो लावत नसत. चौकोन भिंतीवर चढला की सुई खाली ठेवायचे, मग गिऱ्हाईक समोर उभं का असेना.

खळीला कसर लागू नये म्हणून बाइंडर लोक तिच्यात मोरचूद घालतात. त्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं कायमची हिरवट झाली होती. उन्हाच्या चौकोनात फक्त ती बोटं दिसत, चेहरा वर अंधारात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दारातच थबकले होते.

मी तिथे गेले होते ती पत्रकांसाठी. मी पुस्तिकांवर वाढलेली मुलगी. अंबरनाथ पूर्वेला आमचं दोन खोल्यांचं घर, आणि बाबांच्या लोखंडी ट्रंकेत चळवळीच्या पुस्तिका. कुणाची जात कशी नाकारावी, कुणाचा पगार कसा चोरला जातो, देव कुणी निर्माण केला. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. कादंबरी आमच्या घरात नव्हती. दुपारी ज्यांना झोप येत नाही त्यांची ती सोय, असं माझं स्पष्ट मत होतं. वीस-एकवीस वर्षांची होईपर्यंत मी स्वतः पत्रकं लिहू लागले होते, आणि ती वाचून विहारातली मोठी माणसं गप्प होत, याचा मला अभिमान होता.

माझी पहिली पुस्तिका शिवायला दिली तेव्हा त्यांनी ती तळहातावर तोलली.

"किती पानं?"

"सोळा."

"सोळा पानांत समदा न्याय बसला?"

"बसला."

"मग पुढच्या सोळांत काय करतात ती माणसं?"

मी म्हटलं, पुढे काही नाही, न्याय झाला की झालं. ते उठले, अंधारात गेले आणि सोळा पानांचा एक सुटा फर्मा माझ्या हातात ठेवला. मोठा कागद घड्या घालून सोळा पानं होतात, त्याला ते फर्मा म्हणत. "हे वाच नि परत आण. मग पुढला."

ती एक रशियन कादंबरी होती, मराठीत आलेली. आठशे पानांची. तिची शिवण उसवून त्यांनी पन्नास फर्मे सुटे केले होते. पुठ्ठा नव्हता, नावाचं पानही नव्हतं. पुढे मला नाव कळलं, पण ते इथे लिहीत नाही. मी वाचलेली कादंबरी आणि दुकानात मिळते ती, या दोन वेगळ्या आहेत.

त्यांचे नियम कडक होते. एका वेळी एकच फर्मा. खोलीत बसून वाचायचं नाही. पुढचं विचारायचं नाही. प्रत एकच, आणि तिच्यावर एकामागोमाग एक माणसं लावलेली. माझ्या पुढे कुणीतरी वाचत होतं, माझ्या मागेही कुणीतरी होतं. कोण, ते सांगत नसत. पुढच्याने परत केलेला फर्मा मला मिळे, मी परत केलेला मागच्याला. एकदा मी चिडून म्हटलं, "सगळं पुस्तक एकदम दिलं तर काय बिघडेल?"

"समदं दिलं का माणूस माघारी येत नाय," ते म्हणाले.

पहिले काही महिने मी ती कादंबरी पुस्तिकेसारखीच वाचली. एका वहीत दोन रकाने आखले, शोषक आणि शोषित, आणि येईल ते पात्र त्यात टाकत गेले. रशियन माणसाला कधी बापाच्या नावाने हाक मारतात, कधी आडनावाने, कधी घरच्या लाडक्या नावाने, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दहाव्या फर्म्याला ध्यानात आलं, की मी ज्याला शोषक म्हणून शिव्या घातल्या आणि ज्याच्या बाजूने वहीत दीड पान लिहिलं, तो एकच माणूस आहे. मला स्वतःचा भयंकर राग आला. ती वही त्यांना दाखवली. त्यांनी हिरवं बोट आधी एका रकान्यावर ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"दोहीकडं त्योच हाय?"

"हो."

"बरोबर लिव्हलंस की मग," म्हणाले आणि दोरा भरायला लागले.

फर्मा परत घेताना ते तो उन्हात धरायचे. पानं उलटायचे नाहीत. नुसता धरायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि सांगायचे, "हितं थांबली होतीस. ह्ये पान दोनदा वाचलंस. हितं रडलीस नाय, पर जेवली नसशील." हे खरं असायचं. कागदाला घाम लागतो, घडी सैल पडते, बाइंडरला ते कळत असेल, असं मी स्वतःला समजावत असे. पण घरी वाचताना एखाद्या ओळीशी थांबले की मला वाटायचं, कुणीतरी खांद्यावरून बघतंय. मग मी मुद्दाम न थांबता वाचायचे. त्यावर एकदा म्हणाले, "पळालीस. कोण लागलंय पाठी?"

त्यांनी स्वतः ती कादंबरी वाचली होती का, असं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पयल्यांदा एकदाच वाचता येतं."

एकविसाव्या फर्म्यापासून नावं दिसायला लागली.

छापील रशियन नावाच्या डोक्यावर, निळ्या-काळ्या शाईत, बारीक, उभट अक्षरात कुणीतरी आपल्याकडचं नाव लिहिलं होतं. जहागिरीच्या कचेरीत एक कारकून होता, त्याच्यावर 'वामन'. आधी वाटलं, लांबलचक नावं लक्षात राहत नाहीत म्हणून पुढच्या वाचणाऱ्याने काढलेली युक्ती. चोविसाव्या फर्म्यात गिरणीपाशी जमणाऱ्या शेतकऱ्यांपैकी एकावर 'बबन' आलं. माझ्या वडिलांचं नाव बबन. अशी नावं गल्लीगल्लीत असतात म्हणून मी पुढे वाचत गेले. सत्ताविसाव्या फर्म्यात गावच्या मास्तराची मुलगी आली, भाबडी, तापट, जगाला पत्रं लिहिणारी. तिच्या नावावर माझं नाव होतं.

मी बोटाला थुंकी लावून पुसून पाहिलं. शाई मुरलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो फर्मा त्यांच्यापुढे आपटला. "हे तुम्ही लिहिता?"

त्यांनी दोन्ही हात उन्हाच्या चौकोनात धरले. "म्या लिव्हलं असतं तर हिरवा डाग पडला असता. बघ, हाय का?"

डाग नव्हता.

"मग कोण लिहितं?"

"वाचणारी लिव्हतात. मी खोडत नाय."

आता आमच्या घरात काय चाललं होतं ते सांगायला हवं. बाबा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात होते. तिथे युनियन करायचं ठरत होतं. एका दुपारी सात जण अर्ध्या दिवसाचा गेटपास घेऊन विहारात बैठकीला गेले, आणि आठवड्याभरात त्याच सात जणांना काढल्याची पत्रं आली. सातांत बाबा होते. त्या दुपारी कोण कोण बाहेर पडलं याची यादी एकाच ठिकाणी होती, टाइम ऑफिसात. आणि टाइम ऑफिसात टाइमकीपर एकच, वामनकाका.

वामनकाका बाबांबरोबर एकाच दिवशी कामाला लागलेले. आधी आमच्याच गल्लीत राहायचे, मग बदलापूरला कात्रपमध्ये घर घेऊन गेले. माझ्या बारशाचं ताट त्यांच्या घरून आलं होतं, असं आई सांगे. यादी त्यांनीच दिली हे सगळ्यांना कळत होतं, पण बाबा त्यांचं नाव घेत नव्हते. ते नुसते दिवसभर घरात बसत आणि हजेरीच्या वेळेला उठून उभे राहत. मला ते बघवत नव्हतं.

काढलेल्यांसाठी विहारात एक समिती झाली होती, मीही तिच्यात होते; तिथे ठरलं, पत्रक काढायचं, नावानिशी. मी लिहिते म्हटलं. काका असले म्हणून काय झालं, तत्त्व म्हणजे तत्त्व. एका बैठकीत लिहून काढलं. 'सात घरांची चूल विझवणारा हा हात ओळखा,' अशी सुरुवात होती, आणि तिसऱ्या ओळीत पूर्ण नाव, गावासकट. छापखान्यात देऊन आले.

त्याच आठवड्यात मी बत्तिसावा फर्मा वाचत होते. त्यात कारकून साहेबाला यादी देतो, शेतकऱ्यांना चाबकाने फोडून गावाबाहेर घालवतात, आणि मास्तराची मुलगी बाजारात वाचून दाखवायला पत्र लिहायला बसते. शेवटच्या ओळीत ती टाक शाईत बुडवते. फर्मा संपला.

ते वाक्य वाचलं तेव्हा माझ्या बोटाला माझ्याच पत्रकाची शाई होती. घरात आई भाजी चिरत होती, बाहेर मुलं खेळत होती.

मी विठ्ठलवाडीला धावले. "तेहतीस द्या."

"आला नाय."

"कधी येणार?"

त्या दिवशी त्यांच्या हातात सुई नव्हती. खळीच्या भांड्यावर साय धरली होती. पाट उन्हाच्या बाहेर राहिला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

"पंधरा दिस झाले," ते म्हणाले. "चार दिसाच्या वर त्यो कधी ठेवत नाय." मग दोन वर्षांत प्रथमच त्यांनी आपला नियम मोडला. एका चिठोऱ्यावर पत्ता लिहून दिला. कात्रप. खाली नाव होतं.

मी ते दोनदा वाचलं. "हे माझ्या पुढे आहेत? पहिल्यापासून?"

"व्हय."

"तुम्हाला ठाऊक होतं सगळं?"

"मी पानं मोजतो, बाय." त्यांनी खळीचं भांडं बाजूला सारलं. मग म्हणाले, "मागं एक जण ह्याच फर्म्याशी थांबला होता. म्या म्हटलं, येईल. गेलो नाय. त्यो पुन्हा आलाच नाय. तू आत्ताच्या आत्ता जा."

कात्रपला तेव्हा इमारतींमध्ये अजून भातखाचरं होती. दुपारचे साडेतीन झाले असतील; त्या दिवशी कारखान्याला साप्ताहिक सुट्टी होती. काकू दारातच वाल सोलत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "अगं बाई, किती दिवसांनी! जा आत. बोल जरा तुझ्या काकांशी. हल्ली बोलतच नाहीत, ती कागदं घेऊन बसतात मागे." त्यांना काहीच माहीत नव्हतं.

वामनकाका मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर फर्मा, हातात पेन. पानावर ओळीने नावं, बारीक, उभट, मस्टरवर लिहितात तशी.

"तुम्ही लिहिता?" मी म्हटलं.

"रोज पाचशे नावं लिहितो. हात राहत नाही." त्यांनी वर पाहिलं. "कुणाच्या मागे कुणाचा नंबर ते बाइंडरने सांगितलं नाही, पण मला दिसायचं. मी परत करून निघालो की तू गल्लीत शिरायचीस. म्हटलं, ही माझ्या मागे आहे. हिला कळेल."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की नावं सुरू झाली ती कामावरून काढल्याची पत्रं आल्यानंतरच्या आठवड्यात. हा माणूस सहा महिने, दर फर्म्याला, मला सांगत होता.

"यादी तुम्ही दिली?"

"दिली. साहेबांनी मागितली. रोजच मागतात. पण त्या दिवशी कशाला मागतायत ते मला कळलं होतं." ते शांतपणे म्हणाले. "न कळता दिली असं लिहू नकोस. कळून दिली."

"लिहिलंय," मी म्हटलं. "उद्या छापून येतंय. नावासकट."

"ठाऊक आहे. इथे आहे की." त्यांनी फर्मा माझ्या हातात दिला.

मी उभ्या उभ्या वाचला. पत्र बाजारात वाचलं जातं. कारकुनाशी कुणी बोलत नाही, भट्टीवाला पाव देत नाही. सहाव्या पानावर तो गिरणीच्या तळ्यात उतरतो. पण मला हादरवलं ते पुढच्या पानांनी. कुणीही त्या मुलीला दोष देत नाही. लोक तिची पाठ थोपटतात, तिला पहिल्या रांगेत बसवतात, कारकुनाच्या घरचं मयताचं जेवण तिला आग्रहाने वाढतात, आणि ती खाते. पानभर नुसतं तिचं खाणं आहे. त्या पानावर माझं नाव चार वेळा लिहिलेलं होतं.

"तो बुडाला कारण त्याला पोहता येत नव्हतं," काका म्हणाले. जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसे. "मी वांगणीचा, नदीत पोहत वाढलो. मला पाणी घेत नाही. म्हणून पंधरा दिवस हे पान घेऊन बसलोय, दुसरं काय ते सुचत नाही."

गॅलरीच्या पलीकडे खाचरं, त्यांच्यापलीकडे रूळ. मी रुळांकडे बघतेय हे त्यांनी पाहिलं आणि नजर फिरवली. आतून काकूंनी विचारलं, "चहात साखर किती घेतेस गं आता?"

मी चहा घेतला नाही. फर्मा घेऊन निघाले. दारात वळून म्हटलं, "पुढचा अजून तुम्ही वाचला नाहीत. चौतीस. तो आधी तुमच्याकडे येणार. तुम्ही दिल्याशिवाय मला मिळत नाही." त्यांनी मान हलवली की नाही, कळलं नाही.

छापखान्यात मालक म्हणाले, "मॅडम, मॅटर लॉक हो गया. मशीन पे चढ़ाया है."

"तिसऱ्या ओळीतलं नाव काढा."

"पूरी लाइन हिलेगी."

"हलू दे."

कंपोझिटरने चिमट्याने नावातल्या अक्षरांचा एकेक खिळा उचलला आणि त्या जागी कोरे तुकडे बसवले. "जगह खाली दिखेगी, हां," मालकांनी बजावलं. मी म्हटलं, दिसू दे. मी माफ केलं नव्हतं. यादी देणाऱ्याने कळून दिली, हे मी आजही छापीन. पण ते जेवण मला जेवायचं नव्हतं.

सकाळी गेटवर पत्रक वाटलं. समितीतला एक जण कागद नाचवत म्हणाला, "हे काय? गाळलेल्या जागा भरा? पेपर काढलास काय गं शाळेचा?" दोघे-तिघे हसले. बाबांनी एक प्रत घेतली, ओळीवरून बोट नेलं आणि मोकळ्या जागेशी थांबवलं.

वामनकाका त्यांच्या रोजच्या वेळेला सायकलवरून आले. उतरले. पत्रक मागून घेतलं, सगळं वाचलं. मग माझ्याकडे पेन मागितलं, कागद सायकलच्या सीटवर ठेवला आणि मोकळ्या जागेत आपलं नाव लिहिलं. अक्षर जराही हललं नव्हतं. तो कागद त्यांनी बाबांपुढे धरला.

"बबन, घे."

गेटवर शंभरेक माणसं असतील. मागून कुणीतरी पुढे सरकलं, कुणीतरी चप्पल काढली. बाबांनी कागद घेतला, चार घड्या घालून खिशात ठेवला. "आज आत जाऊ नको," म्हणाले. काकांनी सायकल वळवली. बाबा त्यांच्या बाजूने चालत निघाले, गर्दी आणि सायकल यांच्या मधून, नाक्यापर्यंत. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. नाक्यावरून बाबा एकटे परत आले. ते पुन्हा कधी कात्रपला गेले नाहीत, नोकरीही परत मिळाली नाही. समितीने मला काढून टाकलं, ते त्यांच्या बाजूने बरोबरच होतं.

काका त्या दिवसापासून कामावर आले नाहीत. राजीनामा टपालाने आला म्हणे. काकूंना कुणी विचारलं तर त्या दार लावून घेत.

तेहतिसावा फर्मा मी परत केला तेव्हा बाइंडरांनी तो उन्हात धरला नाही. थेट फळीवर ठेवला. "चौतीस न्यायला आला होता त्यो," म्हणाले. "काल. तुझ्या गेटवरनं सरळ हितंच. घेतला नि गेला."

"मग?"

"मग काय. चार दिस."

चौथ्या दिवशी मी गेले. "आला?" "नाय." पाचव्या दिवशी नाय. सहाव्या दिवशी ते दाराकडे तोंड करून बसले होते, हातांत काम नाही. हिरवी बोटं गुडघ्यांवर, आणि उन्हाचा चौकोन मागे भिंतीवर चढत चाललेला. सातव्या दिवशी मी विचारलंही नाही. आम्ही दोघं नुसती बसून राहिलो आणि गल्लीतलं प्रत्येक पाऊल ऐकत राहिलो.

आठव्या दिवशी दारात गेले तर सुई चालली होती. मान वर न करता त्यांनी वजनाखालून एक फर्मा ओढला आणि पुढे केला. "पस्तीस सकाळी नेला त्यानं." चौतीस. घडी सैल झालेली, वाचलेला. मी तिथेच, उन्हाच्या चौकोनात, नियम मोडून पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत चाळला. त्यांनी अडवलं नाही.

एकाही नावावर काही लिहिलेलं नव्हतं. तिथून पुढे शेवटपर्यंत मला त्या माणसांना त्यांच्या स्वतःच्या नावांनी ओळखायला लागलं.